वेशीवरचा सिंह आणि हक्काची खूण

१. चार दरवाजे, एकच शिल्प

चंद्रपूरच्या परकोटाला चार दरवाजे आणि पाच खिडक्या आहेत. उत्तरेचा जटपुरा, पूर्वेचा अंचलेश्वर, दक्षिणेचा पठाणपुरा आणि पश्चिमेचा बिनबा या दरवाजांवर गोंड राजांचे चिन्ह कोरलेले आहे: हत्तीवर मात करणारा सिंह. ते कमानीच्या बाजूंना, येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोक्याच्या वर बसवलेले आहे. सिंहाने दगडाची बहुतेक जागा व्यापली आहे आणि हत्ती त्याच्या पायांखाली कोकरासारखा आखडला आहे. निसर्गातले प्रमाण शिल्पकाराने मुद्दाम उलटे केले आहे. वर्धेच्या काठावर बल्लारपूरचा किल्ला आहे. खांडक्या बल्लाळशहाने राजधानी तिथून चंद्रपूरला हलवली, अशी परंपरा आहे. त्या किल्ल्यावरही हीच जोडी भेटते.

या शिल्पाचा अर्थ विचारला की उत्तर ठरलेले असते. सिंह म्हणजे गोंड राजा आणि हत्ती म्हणजे त्याने लोळवलेला शत्रू. शत्रू मात्र सांगणाऱ्यागणिक बदलतो. कोणी मोगल म्हणतो, कोणी शेजारचे राज्य, तर कोणी एखादा धर्मपंथ. चिन्हाकडे गोष्टीतले चित्र म्हणून पाहण्याची ही सवय उथळ आहे. राजचिन्ह घडलेल्या विजयाची हकीकत सांगत नाही, ते हक्क सांगते. त्याचा अर्थ प्राण्यात कमी असतो. ते कुठे लावले आहे, किती ठिकाणी तेच लावले आहे आणि ते लावण्याची मुभा कोणाला आहे, या तीन गोष्टींत तो जास्त असतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलखात हे जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच कुठे दिसत असेल. इंग्लंडच्या राजघराण्याची प्राणिचिन्हे शेजारी ठेवली तर ते आणखी उघड होते.

२. हत्ती म्हणजे नेमका कोण?

पहिला पुरावा काळाचा आहे. गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठी मार्कंडा देवस्थान आहे. तिथली मंदिरे गोंडांच्या चंद्रपुरापेक्षा काही शतके जुनी आहेत. मुख्य मंदिराच्या भिंतींवर देवदेवता आणि स्त्री-पुरुषांच्या मूर्तींची दाटी आहे आणि त्या मूर्तींच्या मधल्या जागा सिंह-हत्तींच्या आकृतींनी भरल्या आहेत. अलेक्झांडर कनिंगहॅमने एकोणिसाव्या शतकात या देवळांची पाहणी केली तेव्हा या आकृतींची वेगळी नोंद घेतली. म्हणजे परकोटाचा दगड घडवणाऱ्या पाथरवटासमोर ही रचना आधीपासून तयार होती. तिच्यात कोणा ऐतिहासिक शत्रूची ओळख पटवायची तर तो शत्रू गोंड राज्याच्या आधीचा निघेल.

दुसरा पुरावा भूगोलाचा. कोणार्कच्या सूर्यमंदिरासमोर हत्तीवर चढलेले सिंह आहेत. मुरूड-जंजिऱ्याच्या महाद्वारावर एक सिंहसदृश प्राणी एकाच वेळी सहा हत्ती पकडून उभा आहे: एक तोंडात, चार पंजांत, एक शेपटीत. मेळघाटातल्या गाविलगडाच्या दिल्ली दरवाजावर हत्ती पकडलेला गंडभेरुंड आणि सिंह आहेत. तो किल्ला वऱ्हाडच्या इमादशाहीचा होता आणि त्या घराण्याचा मूळ पुरुष विजयनगरच्या मुलखातला होता. ओडिशाचे गंग राजे, कोकणातले सिद्दी, वऱ्हाडचे सुलतान आणि चांद्याचे, म्हणजे चंद्रपूरचे, गोंड या सगळ्यांनी एकाच शत्रूला हरवले नव्हते. सर्वांचा हत्ती सारखाच, म्हणून तो कोणा एकाचा नाही. दक्षिणेत आणि मध्य भारतात हत्ती हे लष्करी बळाचे आणि राजवैभवाचे परिमाण होते. ‘तुमच्याकडे जे सर्वांत मोठे आहे, त्याहून इथली सत्ता मोठी आहे’ एवढाच त्या हत्तीचा अर्थ, आणि तो कोणत्याही पाहुण्याला लागू पडतो.

तिसरा पुरावा गोंडांच्याच दुसऱ्या राज्यातून येतो. गढा-मंडल्याच्या संग्रामशहाने संवत १६०० च्या सुमारास, म्हणजे सोळाव्या शतकाच्या मध्याला, पाडलेल्या नाण्यांवर सिंह आहे आणि स्वतःला पुलस्त्यवंशीय म्हणवणारा लेख आहे. तिथे हत्ती नाही. विजय हाच चिन्हाचा गाभा असता तर हरलेल्याला वगळून चालले नसते.

३. ससा का नाही?

चौथा पुरावा चंद्रपूरच्या जन्मकथेत आहे आणि तो सर्वांत बोलका असूनही कोणी वापरत नाही. कथा चंद्रपुरात लहान मुलांनाही ठाऊक आहे. शिकारीला गेलेल्या खांडक्या बल्लाळशहाच्या कुत्र्याच्या मागे एक ससा लागला. सशाच्या कपाळावर पांढरा चंद्र होता. कुत्रा पळत होता आणि ससा पाठलाग करत होता. राजाने हे राणीला सांगितले. तिने या भूमीत काही विशेष आहे असे ओळखून, ससा ज्या वाटेने धावला त्या वाटेवर कोट बांधावा असा सल्ला दिला.

राजचिन्ह जर राज्याच्या आठवणीतून उगवत असेल तर दरवाजावर ससा हवा होता. नगराचे नाव ज्या चंद्राशी जोडले जाते तो त्याच्या कपाळावर, परकोटाची रेषा त्याच्या पावलांची. तरी तो कुठेच नाही. कारण सरळ आहे. आठवण आपल्या माणसांसाठी असते आणि ती तोंडी टिकते. दरवाजावरची खूण बाहेरून येणाऱ्यासाठी असते. तेलंगणातून आलेल्या व्यापाऱ्याला, देवगडहून आलेल्या वकिलाला किंवा खंडणी मागायला आलेल्या मोगल सरदाराला सशाची कथा माहीत नव्हती. सिंह-हत्ती मात्र त्याने आपल्या प्रदेशातल्या देवळांवर आणि गडांवर पाहिलेले होते. शेजाऱ्यांना वाचता येईल अशीच खूण राजाने निवडली.

४. रानात नसलेला प्राणी

चंद्रपूर हा वाघाचा जिल्हा आहे. ताडोबा १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९९५ मध्ये अंधारी अभयारण्यासह व्याघ्रप्रकल्प. सिंह हा मोकळ्या माळाचा आणि खुरट्या झुडपांचा प्राणी आहे. सागवान आणि बांबूच्या या दाटीत त्याला जागा नाही. इथल्या राजाने डोळ्यांसमोरचा वाघ सोडून न पाहिलेला सिंह का घेतला?

कारण वाघ आधीच दुसऱ्याच्या वाट्याला गेला होता. या रानात तो वाघदेव आहे. गावाच्या शिवेवर त्याचे ठाणे असते, दगडावर किंवा लाकडी खांबावर त्याची आकृती असते, आणि त्याला नैवेद्य दाखवला जातो. ताडोबाच्या तळ्याकाठचे देवस्थान तारू नावाच्या गावप्रमुखाचे आहे आणि तो वाघाशी झुंजताना मेला, असे सांगतात. म्हणजे इथे देव झाला तो वाघाशी झुंजलेला माणूस. वाघावर राजाची मालकी सांगणे हे गावाच्या देवावर मालकी सांगण्यासारखे झाले असते. सिंहाचे तसे नव्हते. त्याच्याशी कोणाचे भांडण नव्हते, त्याचे ठाणे कोणत्याही शिवेवर नव्हते. परका असल्यामुळेच तो राजाच्या उपयोगी पडला.

इंग्लंडमध्ये हीच गत. बाराव्या शतकाच्या शेवटी पहिल्या रिचर्डच्या राजमुद्रेवर तीन सिंह आले तेव्हा इंग्लंडच्या जंगलात सिंह नव्हताच. १६०३ मध्ये स्कॉटलंडचा सहावा जेम्स इंग्लंडच्याही गादीवर आला आणि राजचिन्हात सिंहासमोर एकशिंगी घोडा उभा राहिला. तो तर जगातच कुठे नाही. वेल्सच्या लाल ड्रॅगनचेही तसेच. सातव्या हेन्रीने तो मिरवला, कारण वेल्सवरचा आपला वारसा त्याला दाखवायचा होता.

५. दावा आणि वस्तुस्थिती

राजचिन्ह हा दावा असतो, याचा सर्वांत निर्लज्ज पुरावा इंग्लंडच्याच ढालीवर चार शतकांहून जास्त काळ होता. तिसऱ्या एडवर्डने १३४० मध्ये फ्रान्सच्या गादीवर हक्क सांगितला आणि फ्रेंच राजांची लिलीची फुले आपल्या चिन्हात घेतली. फ्रान्समधले शेवटचे ठाणे, कॅले, १५५८ मध्ये हातचे गेले. फुले मात्र १८०१ पर्यंत राहिली. फ्रान्समध्ये राज्यक्रांती होऊन राजाचा शिरच्छेद झाला, तरी लंडनचा राजा कागदोपत्री फ्रान्सचा धनी होता. या फुलांना घडलेल्या इतिहासाचे चित्र मानले तर इंग्रज राजे खोटारडे ठरतात. दावा मानले तर त्यांचे वागणे समजते.

याच देशात आणखी एक भेद स्पष्ट दिसतो. ढालीवरचे कुलचिन्ह राजाचे स्वतःचे, ते इतर कोणी वापरू शकत नसे. त्याखेरीज एक साधा बिल्ला असे आणि तो चाकरांनी, शिपायांनी, समर्थकांनी अंगावर लावायचा. दुसऱ्या रिचर्डचा बिल्ला पांढरे हरीण, तिसऱ्या रिचर्डचा पांढरा रानडुक्कर. १४८३ मध्ये मुलाच्या यॉर्क येथील समारंभासाठी तिसऱ्या रिचर्डने रानडुकराचे १३,००० कापडी बिल्ले मागवले होते. ही संख्या कलेची नाही, फौजेची आहे. बिल्ला लावलेला माणूस कोणाच्या आश्रयाला आहे हे तो लांबून सांगे. त्यामुळेच सरदारांनी आपापले बिल्ले वाटू नयेत म्हणून १३९० पासून पुन्हा पुन्हा कायदे करावे लागले. केवळ शोभेच्या वस्तूवर कोणी बंदी घालत नाही.

१९५३ मध्ये दुसऱ्या एलिझाबेथच्या राज्याभिषेकाला वेस्टमिन्स्टर ॲबीसमोर जेम्स वुडफर्डने घडवलेले दहा राजपशू मांडले होते. त्यात सिंह, एकशिंगी, ड्रॅगन होते आणि हॅनोव्हरचा पांढरा घोडाही होता. हॅनोव्हर ब्रिटिश राजमुकुटापासून १८३७ मध्येच वेगळे झाले होते. मेलेले दावेही असे वंशावळीच्या रांगेत उभे करता येतात.

६. कुळाची खूण, राजाची खूण

गोंड समाजात प्राण्या-झाडांची खूण राजांच्या आधीपासून आहे. कुळाकुळाचे देव मोजले जातात. सगा, म्हणजे कुळांचा गट, चार देवांचा, पाच, सहा की सात देवांचा यावर सोयरीक ठरते. टेकाम कुळाचा संबंध सागाशी, मरकाम कुळाचा आंब्याशी. आपल्या खुणेच्या झाडाला किंवा प्राण्याला इजा करायची नाही, ही त्यामागची मर्यादा. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जातिजमातींच्या ग्रंथात अशा खुणांची लांब यादी आहे.

या खुणा आणि दरवाजावरचा सिंह यांची सरमिसळ नेहमी होते आणि ती टाळायला हवी. कुळाची खूण बंधन घालते: काय तोडायचे नाही, काय खायचे नाही, कोणाशी लग्न करायचे नाही. राजाची खूण दुसऱ्यावर बंधन घालते. पहिली जन्माने मिळते आणि सगळ्यांकडे असते, दुसरी एकाकडेच असते. सिंह कोणत्याही कुळाच्या वाट्याचा नव्हता, म्हणून तो सगळ्या कुळांवर उभा करता आला. चार देवांचा आणि सात देवांचा सगा एकाच दरवाजातून आत यायचा होता.

प्रत्येक राज्याला प्राणी लागतोच असे मात्र नाही. शिवछत्रपतींची मुद्रा निखळ शब्दांची आहे आणि शिवराईवरही अक्षरेच आहेत. लेखी कारभाराची सवय असलेल्या राज्यात शिक्कामोर्तब पुरते. चांद्याच्या राज्यात विस्तीर्ण रान होते, गावप्रमुखांमार्फत वसुली होती आणि वाचणारे थोडे होते. तिथे दगडावरचा प्राणी अक्षराचे काम करत होता. आता याच मुलखातल्या माणिकगड किल्ल्याकडे पाहावे. तो माना नागवंशीयांचा मानला जातो आणि त्याच्या दरवाजावर नाग आहे. वेशीवर धन्याची खूण कोरण्याची चाल या डोंगरांत गोंडांच्या आधीचीच दिसते.

७. तीन आक्षेप

पहिला आक्षेप श्रीरंगपट्टणचा. टिपूचा वाघ खरा होता, मुलखातला होता. १७९९ च्या विजयानंतर ईस्ट इंडिया कंपनीने काढलेल्या पदकावर ब्रिटिश सिंह त्या वाघाला लोळवतो आहे. इथे सिंह कोण आणि वाघ कोण यात शंका नाही. मग चंद्रपूरचा हत्तीही कोणी ठरावीक शत्रू का नसावा? उत्तर पदकातच आहे. त्याच्यावर लढाईची तारीख आहे. ते लढलेल्यांना वाटलेले स्मरणचिन्ह आहे, एकदाच काढलेले. तारीख आली की चिन्ह प्रसंगाला बांधले जाते. परकोटाच्या सिंहाला तारीख नाही. परकोटाचे काम एकाहून अधिक राजांच्या कारकिर्दीत चालले आणि तरी शिल्प तेच राहिले. प्रसंग बदलत गेले असतील, खूण बदलली नाही.

दुसरा आक्षेप असा की युरोपातली चिन्हविद्या हे नियमांचे शास्त्र आहे. लंडनमध्ये १४८४ पासून त्यासाठी स्वतंत्र संस्था आहे. गोंडांकडे असे काही नव्हते, तेव्हा ही तुलनाच ओढूनताणून आहे. आक्षेपाचा अर्धा भाग खरा आहे. ढालीचे चार भाग करणे, वारसाहक्काने चिन्हे जोडत जाणे हे इथे नव्हते आणि ते होते असे भासवणेही चूक आहे. पण संस्था नसली म्हणून काम थांबत नाही. एकच आकृती, त्याच जागी, त्या राज्यात परवानगीशिवाय दुसऱ्या कोणी न वापरलेली, एवढ्यावर चिन्हाचा अंमल चालतो.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे. नागपूरच्या रघूजी भोसल्यांनी १७५१ च्या सुमारास गोंड राजा नीलकंठशहाकडून चांदा घेतले. मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी तेच शहर घेतले. हक्काची खूण असती तर नव्या धन्यांनी ती फोडून टाकली असती, पण दोघांनीही ती ठेवली. मग ती नुसती सजावटच नव्हे काय? इथे काळ वेगळा आहे हे लक्षात घ्यायला हवे. तोवर हक्क दरवाजावरून दप्तरात गेला होता. महसुलाचा कागद, त्यावरचा शिक्का, खजिन्याची किल्ली ज्याच्याकडे, तो धनी. दगड खरवडण्याचे श्रम कोणालाच आवश्यक वाटले नाहीत. फ्रान्सची फुले उलट अर्थाने याच गोष्टीची साक्ष देतात. तिथे दावा मेला तरी खूण वापरात राहिली, इथे खूण जागेवर राहिली आणि दावा निघून गेला.

८. १८७७ चे झेंडे आणि ज्यांना ते मिळाले नाहीत

१ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीच्या दरबारात व्हिक्टोरिया भारताची सम्राज्ञी झाल्याची घोषणा झाली. त्या प्रसंगी व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने संस्थानिकांना रेशमी झेंडे दिले. प्रत्येकावर युरोपी पद्धतीची ढाल आणि प्राणी. ती चिन्हे रॉबर्ट टेलर या बंगालच्या मुलकी सेवेतल्या अधिकाऱ्याने आखली होती. झेंड्यांचे पितळी दांडे इतके जड होते की ते उचलताना धडधाकट गोऱ्या शिपायांचीही तारांबळ उडाली. भारतीय संस्थानांची ‘प्राचीन’ म्हणून मिरवली जाणारी अनेक चिन्हे या एका कारखान्यातून बाहेर पडली आहेत.

चांद्याच्या गोंड राजवंशाला झेंडा मिळाला नाही. संस्थान उरले नव्हते, उरली होती ती पेन्शन. अहेरीचे आत्राम विस्तीर्ण मुलखाचे धनी होते, पण जमीनदार म्हणून. तेही यादीबाहेर. याचा एक अनपेक्षित फायदा झाला. चंद्रपूरच्या सिंहावर लॅटिन ब्रीदवाक्य चढले नाही, त्याला इंग्रजी ढालीत कोंबले गेले नाही. पाथरवटाने घडवला तसाच तो राहिला. आज गोंडवाना चळवळीत हेच चिन्ह वापरले जाते आणि ते पुन्हा दाव्याचे काम करू लागले आहे.

९. सागावरचा हातोडा

इंग्रजी राजसत्तेचा खरा बिल्ला चंद्रपूर-गडचिरोली या दोन जिल्ह्यांत कचेरीच्या भिंतीवरच्या सिंह-एकशिंगीत शोधू नये. तो सागाच्या बुंध्यावर होता. उत्तर अमेरिकेतल्या वसाहतीत १६९१ च्या मॅसॅच्युसेट्सच्या सनदेने चोवीस इंच व्यासाची झाडे नौदलाच्या डोलकाठ्यांसाठी राखून ठेवली आणि अशा झाडांवर राजाचा बाण कोरला जाई. आलापल्ली-बल्लारशाच्या रानात तेच काम वनखात्याच्या हातोड्याने केले. तोडायच्या झाडाची साल जमिनीलगत थोडी तासायची आणि उघड्या लाकडावर हातोड्याचा शिक्का ठोकायचा. तो बुंध्याशी अशासाठी की झाड कापून नेले तरी खुंटावर खूण राहते आणि तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला हिशोब जुळवता येतो. १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या कलम ६३ नुसार असा शिक्का बनावट मारणे किंवा पुसणे हा गुन्हा आहे. कलमात सिंह नाही, मुकुट नाही, पण राजचिन्हाची तिन्ही लक्षणे आहेत: ठरलेली जागा, तीच ती खूण आणि ती मारण्याचा एकाकडेच असलेला हक्क.

हा हक्क कोणाचा, यावर गडचिरोलीत अलीकडे खरे भांडण झाले. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले. बांबू गावाचा ठरला. पण तो रानाबाहेर न्यायला वाहतूक परवाना लागतो आणि परवान्यावर शिक्का वनखात्याचा. खाते तो देईना. वाद ग्रामसभा बांबू तोडू शकते का, यावर फारसा उरला नव्हता. तो शिक्क्यावर अडला होता. एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश मेंढ्यात आले आणि परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आले. त्यानंतर जिल्ह्यातल्या इतर ग्रामसभांनीही आपल्या बांबू-तेंदूची विक्री स्वतः करायला सुरुवात केली. मेंढ्याच्या परवान्यावर आता सही-शिक्का ग्रामसभेचा असतो आणि नाक्यावर गाडी अडवणारा वनरक्षक तोच तपासतो.